धुतलेल्या गाडीवर गोल पांढरे डाग का उठतात आणि ते थांबवायचे कसे

लक्षण आधी नीट सांगतो, कारण याच्यासारखे दिसणारे दोन-तीन प्रकार आहेत आणि उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे. गाडी काळी, गडद निळी किंवा मरून. धुताना चकाचक. उन्हात उभी करून चहा प्यायला गेलात, परत आलात, तर बॉनेटवर आणि छतावर पांढरट गोल उठलेले. मध्ये मोकळे, कडेला दाट. कोरड्या कापडानं पुसले की जरा फिके होतात, वाळले की पुन्हा दिसतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा धुतली की जुन्यावर नव्यांची भर. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवरही हे होतंच, फक्त डोळ्यांत भरत नाही.

वॉशिंग सेंटरवर या तक्रारीचा पहिला संशय कायम शाम्पूवर जातो. "मालक, शाम्पू हलका वापरताय काय?" मग गिऱ्हाईक घरून महागाची बाटली आणून देतं, त्यानं धुतो, आणि डाग तितकेच. शाम्पू बदलून हा प्रश्न सुटत नाही. शाम्पू तर शेवटच्या पाण्यानं वाहून गेलेला असतो. डाग पडतो तो त्या शेवटच्या पाण्याचा, आणि तोही ते पाणी गाडीवरच वाळलं तरच.

कोल्हापुरात हा प्रश्न एकाच शहरात दोन तऱ्हांनी दिसतो. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचं आणि नदीचं पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्यांची गाडी बेफिकिरीनं धुतली तरी बऱ्यापैकी निभावते. पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी अशा कडेच्या भागात, जिथं बऱ्याच जणांची भिस्त बोअरवर नाहीतर टँकरवर, तिथं तीच गाडी ठिपक्यांनी भरते. जमिनीखाली आपल्याकडे काळा पाषाण. त्याच्या भेगांतून पाणी हळूहळू झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडी सिलिकाही (वाळूत असते तीच) सोबत घेऊन येतं. दिसायला दोन्ही पाणी सारखंच स्वच्छ. वाळल्यावर कळतं.

टीडीएस मीटर नावाचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं, ते एकदा घ्याच. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, त्याचा अंदाज ते विजेच्या वहनावरून देतं. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घन पदार्थ चालतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. हे प्रमाण माणसाच्या पोटासाठी आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० चं पाणीही त्या मुभेत बसतं, पण काळ्या बॉनेटवर ते वाळू दिलंत तर ठिपके उठणारच.

हिशोब करून बघा. मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले तर ६०० टीडीएसच्या एका थेंबात ०.०३ मिलिग्रॅम क्षार येतो. पाच मिलिमीटरच्या गोलावर तो सारखा पसरला असता, तर थर झाला असता जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो पुसटसा दिसला असता किंवा दिसलाही नसता. पण तो सारखा पसरत नाही. बहुतेक सगळा माल कडेच्या पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीत जाऊन बसतो आणि तिथली जाडी तीन ते पाच पट होते. डोळ्याला दिसते ती ही पट्टी. तेव्हा पाण्यात क्षार किती, हा प्रश्न अर्धाच. तो कडेलाच का जमतो, हा उरलेला अर्धा, आणि उपाय त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

हे घरी बघता येतं. पांढरी गुळगुळीत टाइल किंवा काच घ्या. इन्स्टंट कॉफी पाण्यात पातळ कालवा, एक थेंब टाइलवर सोडा आणि पंख्याखाली न ठेवता बाजूला ठेवून द्या. अधूनमधून डोळा टाइलच्या पातळीवर आणून बाजूनं बघा. थेंबाची उंची कमी होत जाते, पण रुंदी हलत नाही. टेकडीचं पठार होतं, पठाराचा पापुद्रा होतो, तरी कड जिथं होती तिथंच. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघितलं तर कडेला आधी एक बारीक तपकिरी रेघ येते, मग ती जाड होत जाते आणि मधला भाग फिका पडतो. शेवटच्या काही क्षणांत कण कडेकडे अक्षरशः धावतात, कारण पाणी संपत आलेलं असतं आणि उरलेल्या पातळ थरातून तेवढाच पुरवठा करायचा असतो.

कारण असं. पृष्ठभाग कितीही गुळगुळीत वाटला तरी बारीक खडबडीतपणा असतो, थोडी धूळ असते, त्यात थेंबाची कड अडकते. कडेजवळ वाफेला बाहेर पडायला चहूबाजूंनी वाट असते म्हणून तिथलं पाणी सगळ्यात वेगानं उडतं. कड तर मागे सरकू शकत नाही. मग तिथली तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहायला लागतं आणि जाताना कण घेऊन जातं. पाणी उडून जातं, कण तिथंच राहतात. जमलेल्या कणांनी कड आणखी घट्ट धरून ठेवली जाते, म्हणजे हे चक्र स्वतःलाच बळ देतं. विरघळलेल्या क्षाराचंही थोड्याफार फरकानं असंच. कडेला पाणी आधी संपृक्त होतं, तिथं पहिले स्फटिक धरतात आणि बाकीचे त्यांना येऊन चिकटतात.

टेबलावरचा कपाचा डाग माणसानं शेकडो वर्षं बघितला, पण त्याचं नीट गणित मांडलं गेलं १९९७ मध्ये. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये ते छापलं. पृष्ठभाग बदला, द्रव बदला, त्यातला पदार्थ बदला, कड उठतेच, हे त्यांनी दाखवलं. अट फक्त दोन गोष्टींची: कड अडकलेली हवी आणि कडेला बाष्पीभवन व्हायला हवं. पुढे २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मंडळींनी गोल कणांऐवजी लांबट कण घालून बघितले, तर कड उठलीच नाही. लांबट कण थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकून राहतात आणि डाग सारखा पसरतो. छपाईच्या शाईवाल्यांना याचा फार उपयोग. आपल्याला नाही, बोअरच्या क्षाराचा आकार आपण ठरवू शकत नाही.

जाता जाता, ज्याला आपण डाग म्हणतो त्यावर चित्रकार काम करतात. जलरंगाचा ओला हात कागदावर वाळला की कडेला रंग गडद धरतो, तो याच कारणानं. कोटितीर्थ तलावाच्या काठावर बसून निसर्गचित्रं करणाऱ्या आबालाल रहिमानांच्या शहरात हे कुणाला नवं नाही. कड नको असेल तर चित्रकार काय करतो? ती वाळायच्या आत ओल्या ब्रशनं मोडतो नाहीतर टिपकागदानं उचलतो. गाडीवरही करायचं तेच.

आता निदान. तुमच्या गाडीवरचा डाग नक्की कुठला, हे आधी ठरवा.

हिवाळ्यात, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना, सकाळी गाडीवर राखाडी-काळपट कडा दिसत असतील तर त्यात बोअरचा दोष नाही. रात्री दव पडतं. हवेतली बगॅसची (गाळलेल्या उसाच्या चिपाडाची) राख, पाचट जाळल्याची काजळी आणि रस्त्याची धूळ त्या थेंबात उतरते आणि सूर्य वर आला की कडेला जमते. हे डाग नुसत्या पाण्याच्या धारेनं बरेचसे जातात. कोरड्या फडक्यानं मात्र अजिबात घासू नका, राखेतले कडक कण रंगावर चरे पाडतात. सकाळी घाईत हातानं बॉनेट पुसणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडे फाउंड्रीच्या शेजारी गाडी रोज उभी राहत असेल आणि ठिपके तांबूस, टाचणीच्या टोकाएवढे, स्पर्शाला खरखरीत असतील, तर ते लोखंडाचे कण आहेत, गंज धरलेले. पाणी सुधारून ते जाणार नाहीत. त्याला आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव) आणि क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी) लागतो. तो वेगळा विषय.

उरले पांढरे गोल. यांची परीक्षा व्हिनेगरनं. चायनीजच्या गाड्यावर असतं ते पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी मिसळून. सावलीत, थंड पत्र्यावर, एका कोपऱ्यातल्या डागावर ओला कापूस मिनिटभर ठेवा, मग पुसून पाण्यानं धुवा. डाग गेला तर तो कॅल्शियम कार्बोनेट, तुमच्या गिझरच्या कॉइलवर आणि सोलरच्या नळीत जमतो तोच. अर्धवट गेला तर सोबत सल्फेट किंवा सिलिका आहे, व्हिनेगर त्यांना फारसं जुमानत नाही. काहीच फरक पडला नाही आणि नखाला खळगा जाणवला, तर आता तिथं क्षार नाही, रंगावरच्या क्लिअर कोटला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, इजा झालेली आहे. तिथं पुसण्याचा उपयोग नाही, पॉलिशच लागेल.

घरच्यांसाठी एक इशारा. डाग जातो म्हणून हेच व्हिनेगर किंवा लिंबू घरातल्या शहाबादी फरशीवर आणि काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर वापरू नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड. आम्ल डागासोबत दगडही खातं आणि तिथं कायमचा पुसट, निस्तेज पट्टा उमटतो. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइलला चालतं. गाडीवरही उघड्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वगळा. आणि संडास साफ करायचं ॲसिड गाडीच्या आसपाससुद्धा आणू नका, कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी.

थांबवायचं कसं, त्यात पहिली गोष्ट ऊन. गडद रंगाचा पत्रा उन्हात ६० अंशांच्या वर सहज जातो. तिथं थेंबाला पुसायची संधीच मिळत नाही. शिवाय पाणी तापलं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बायकार्बोनेटचं न विरघळणारं कार्बोनेट होतं, म्हणजे तोच डाग जास्त चिवट बसतो. गाडी चालवून आणल्या आणल्या बॉनेटवर पाणी मारणं हीसुद्धा तीच गत. पत्र्याला पालथा हात लावा, कोमट लागला तर थांबा. उन्हात थेंब भिंगासारखा होऊन रंग जाळतो असं बरेच जण सांगतात, त्यात तथ्य नाही. पत्र्यावर बसलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पत्र्याच्या बराच खाली पडतो. ऊन वाईट ते वाळण्याच्या वेगामुळे.

दुसरी गोष्ट, शेवटचं पाणी कसं मारता. प्रेशर गननं शेवट केला की गाडीभर हजारो बारीक थेंब राहतात आणि प्रत्येक थेंब म्हणजे एक होणारी कड. त्याऐवजी शेवटी गन बाजूला ठेवा, पाइपचं तोंड उघडं सोडा, दाब कमी करा आणि छताच्या वरून सावकाश धार सोडा. पाणी एका चादरीसारखं खाली सरकतं आणि जाताना आधीचे थेंबही ओढून नेतं. पत्रा बराचसा कोरडा झालेला डोळ्यांनी दिसतो. फुकटचा उपाय आहे आणि वॉशिंग सेंटरवर सगळ्यात कमी वापरला जातो, कारण गननं काम झाल्यासारखं दिसतं.

तिसरी आणि खरी गोष्ट, पाणी वाळू द्यायचं नाही, उचलायचं. अख्ख्या गाडीवर लिटरभर पाणी राहिलं आणि ते ६०० टीडीएसचं असलं, तर वाळल्यावर अर्ध्या ग्रॅमहून जास्त क्षार पत्र्यावर. तेच जाड मायक्रोफायबरच्या टॉवेलनं टिपून घेतलंत तर क्षार टॉवेलसोबत गेला. टॉवेल पसरून ओढा, दाबून घासू नका. वरून खाली या, आधी छत आणि काचा, मग बॉनेट, मग दरवाजे. बाजूच्या आरशाच्या खोबणीत, दरवाजाच्या हँडलमागे, नंबर प्लेटखाली आणि पेट्रोलच्या झाकणात पाणी दडून बसतं आणि तुम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ओघळतं. तिथं ब्लोअरनं किंवा कंप्रेसरच्या हवेनं झटकून घ्या. ओघळ वाळला की तिथं गोल उठत नाही, लांबट शेपटी उठते, आणि गिऱ्हाईक फोटो पाठवतं तो तिचाच.

चांदीकाम करणाऱ्यांना हे उपजत ठाऊक असतं. धुतलेला दागिना ते तसाच वाळत ठेवत नाहीत, कोरड्या लाकडी भुशात घोळवतात. भुसा पाणी शोषतो, आणि पाण्यातला क्षार दागिन्यावर न राहता भुशात जातो. पैंजणाच्या घुंगरात तर फडकं पोचतच नाही, तिथं दुसरा इलाजही नाही.

एवढं करूनही काळ्या गाडीवर ठिपके राहत असतील तर पाण्याकडे वळा. सगळी धुलाई चांगल्या पाण्यानं करायची गरज नाही. बोअरनंच धुवा, फक्त शेवटची बादलीभर धार कमी टीडीएसच्या पाण्याची सोडा. धरून ठेवलेलं स्वच्छ पावसाचं पाणी यासाठी उत्तम, फक्त घराच्या पत्र्यावरचा पहिला पाऊस धरू नका. आरओचं शुद्ध पाणीही चालतं. पण इथं एक गल्लत घरोघरी होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या टाकाऊ नळीचं पाणी बादलीत साठवून त्यानं स्कूटर धुतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. तीन लिटरमधलं एक लिटर शुद्ध होऊन गेलं तर त्याचा जवळजवळ सगळा क्षार उरलेल्या दोन लिटरमध्ये राहतो, म्हणजे टाकाऊ पाण्याचा टीडीएस मूळ बोअरच्या दीडपट. त्या पाण्यानं फरशी पुसा, शाम्पू लावायच्या आधी चाकांचा आणि मडगार्डचा चिखल काढा. शेवटच्या धारेला त्याचा उपयोग करू नका.

सॉफ्टनर बसवावा का, असं वॉशिंग सेंटरवाले विचारतात. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. मीटरवर टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो आणि मग लोक म्हणतात, फसवलं. फसवलेलं नसतं. ठिपके पडतातच, पण सोडियमचे क्षार पाण्यात पटकन विरघळतात म्हणून ओल्या फडक्यानं एका हातात निघतात. शाम्पूला फेसही जास्त येतो. माझं मत विचाराल तर रोज पंधरा-वीस गाड्या होत असतील तर सॉफ्टनर परवडतो. घरच्या एका गाडीसाठी दोन चांगले टॉवेल पुरेत.

सिरॅमिक कोटिंग केल्यावर डाग पडत नाहीत, ही विक्रीची भाषा आहे. कोटिंगवर पाणी पसरत नाही, टपोरे मणी होतात. गाडी लगेच हलवली किंवा ब्लोअर मारला तर ते घरंगळून जातात आणि पुसायचं काम निम्म्यानं कमी होतं, हे खरं. पण ते मणी उन्हात तसेच वाळू दिले तर कड अडकत नाही, थेंब आकसत जातो आणि सगळा क्षार मध्ये एका ठिपक्यात गोळा होतो. मोठ्या पुसट गोलाऐवजी लहान आणि जाड ठिपका. कोटिंग केलेल्या गाडीवर उलट जास्त डाग दिसतात, अशी तक्रार येते ती इथून. कोटिंग पुसायचं काम सोपं करतं, माफ करत नाही.

जुने डाग काढायचे असतील तर क्रम चुकवू नका. आधी गाडी नीट धुवून धूळ काढा. मग व्हिनेगर-पाणी, एका वेळी हातभर भागावर, दोन मिनिटांहून जास्त नाही, वाळू न देता. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्वाचं पातळ पाणीही चालतं. मग भरपूर पाणी आणि पुन्हा शाम्पू, म्हणजे आम्ल शिल्लक राहत नाही. व्हिनेगरनं जुनं वॅक्सही उतरू शकतं, त्यामुळे नंतर वॅक्सचा हात द्यावा लागेल. राहिलेल्या ठिपक्यांना क्ले बार, त्यानंतरच बारीक पॉलिश. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा थर थोडा खरवडणं, दर महिन्याला करायची गोष्ट नव्हे.

काचेचं जरा वेगळं. पुढच्या काचेवर वायपर जिथं पोचत नाही तिथं जुने गोल बसलेले असतात. रात्री समोरून दिवे आले की ते फुटल्यासारखे चमकतात आणि पावसात तर काही दिसत नाही. त्यांत सिलिका असेल तर व्हिनेगर हात टेकतं. काचेच्या दुकानात सीरियम ऑक्साइडची पूड मिळते. ती पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडनं हळूहळू घासावी, पॅड ओलं ठेवून आणि काच तापू न देता. बाजूच्या काचांना सनफिल्म असेल तर आतून चुकूनही घासू नका. ब्लेडनं खरवडण्याच्या फंदात पडू नका, एक चरा पडला की तो काच बदलेपर्यंत सोबत राहतो.